शाळेतल्या दवाखान्याचे नियम: किल्ली कुणाकडे, इथून सुरुवात करा

आमच्या शाळेत ‘आरोग्य कक्ष’ अशी पाटी लागली तेव्हा त्या खोलीत एक लोखंडी खाट होती, कबड्डीच्या मॅटचे तीन तुकडे होते, पाय मोडलेली दोन बाकं होती आणि एक कपाट होतं. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात. पहिल्याच पावसाळ्यात सातवीतल्या एका पोराला दम्याचा अटॅक आला. त्याचा पंप आईने दप्तरात दिलेला होता, पण ‘मुलांजवळ औषध नको’ म्हणून वर्गशिक्षकांनी तो काढून कपाटात ठेवला होता. हेडसर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलेले. पोराच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, दोन शब्द बोलून तो थांबतोय, आणि आम्ही किल्ली शोधतोय. शेवटी शिपाईमामांनी प्रयोगशाळेतली हातोडी आणून कडी तोडली. पंप घेतल्यावर थोड्या वेळाने तो ‘बाई, भूक लागली’ म्हणाला. संध्याकाळी घरी भाकरी थापताना माझे हात मात्र थरथरत होते.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, आणि आता महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत ही खोली सांभाळते. पाचवी ते दहावी, साडेसहाशे मुलं, निम्मी एसटीने येणारी. आजूबाजूच्या शाळा आमचा नियमांचा कागद मागतात. मी पाठवते, पण नुसता उतरवून घेऊ नका असंही सांगते. तुमची खोली कुठल्या बाजूला आहे, आरोग्य केंद्र किती लांब आहे, मावशी किती वाजता घरी जातात, यावर नियम ठरतात.

आधी ‘नाही’ लिहा

पहिल्या बैठकीत सगळ्यांना उत्साह असतो. आमच्या संस्थेच्या एका सभासदांनी सलाइनचा स्टँड देणगी म्हणून देऊ केला होता. दुसऱ्यांनी विंचवाची गोळी ठेवा म्हटलं. ही मागणी आमच्याकडे येणारच, कारण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे रुग्ण वाचवले हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी दोन्हीला नाही म्हटलं. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो. दिल्यावर मुलाला आडवं ठेवून नाडी आणि रक्तदाब बघत बसावं लागतं. ते दवाखान्याचं काम आहे. आपलं काम एवढंच, की विंचू चावल्याचं कळल्यापासून दहा मिनिटांत मूल गाडीत बसलेलं असावं. नुसतं दुखतंय म्हणून थांबायचं नाही. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की मग निघू, असा विचार करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

तेव्हा कागदाच्या डोक्यावर ही खोली काय करणार नाही ते लिहा. आमचं असं आहे: ‘येथे इंजेक्शन व सलाइन दिले जाणार नाही. जखम शिवली जाणार नाही. अँटिबायोटिक ठेवले जाणार नाही. ॲस्पिरिन व निमेसुलाइड कोणत्याही कारणाने आत येणार नाही.’ शेवटच्या वाक्यावर एका सरांनी विचारलं, एवढं काय त्यात? तापातल्या मुलाला ॲस्पिरिन दिलं तर क्वचित का होईना, मेंदू आणि यकृतावर बेतू शकतं. निमेसुलाइड ही ताप-दुखण्यावरची गोळी बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. तरी शिक्षकांच्या पर्समध्ये ती गोळी सापडते, आणि माया आली की पर्स उघडते. म्हणून खाली अजून एक ओळ वाढवली: ‘कोणीही शिक्षक स्वतःजवळची गोळी विद्यार्थ्याला देणार नाही.’ या ओळीवर सर्वांत जास्त रुसवे झाले.

गोळी कोण देणार, कशाच्या आधारावर

नर्सला किंवा शिक्षकाला मनाने औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. मग डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाचं करायचं काय? यासाठी जूनमध्ये आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून एक तक्ता सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. आमच्या तक्त्यावर औषधं जेमतेम सहा आहेत: पॅरासिटामॉल, ओआरएस, ग्लुकोज, कॅलामाइन, पोव्हिडोन आयोडिन आणि भाजल्यावरचं मलम. कुठल्या तक्रारीला काय, किती, किती वेळा, आणि कधी थेट दवाखान्यात, हे त्यावर आहे. तक्त्याबाहेरचं काही द्यायचं झालं तर आधी फोन, मग गोळी, आणि फोन कुणाला केला ते वहीत.

पॅरासिटामॉलपाशी जरा थांबते, कारण सगळ्यांना ते चण्याफुटाण्यासारखं वाटतं. डोस वजनावर असतो, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. पाचवीतलं पंचवीस किलोचं पोर आणि दहावीतला पंचावन्न किलोचा मुलगा दोघांच्या हातावर पाचशेचीच गोळी ठेवली, तर लहानग्याला ती जास्त होते. आमच्या खोलीत दारापाशीच वजनकाटा आहे. वजन केल्याशिवाय गोळी नाही. दुसरा प्रश्न, ‘घरून निघताना काही घेतलंस का?’ सकाळी सहाला आईने गोळी देऊन पाठवलेलं मूल नऊ वाजता पुन्हा गोळी मागायला येतं. दोन डोसांत निदान चार ते सहा तास हवेत.

आणि त्याहून आधीचा प्रश्न, ‘सकाळी काय खाल्लंस?’ हा मला वहीने शिकवला. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये वही चाळताना दिसलं की पोटात दुखतंय, चक्कर येतेय म्हणणारी मुलं साडेदहा ते साडेअकरामध्ये येतात आणि बहुतेक सगळी दोन वाड्यांतली. त्या वाड्यांची एसटी पहाटे सव्वासहाला. मुलं चहा पिऊन निघतात आणि मोठी सुट्टी साडेबाराची. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते, पण तोपर्यंत पोट पाठीला लागलेलं असतं. नववी-दहावीला तर तीही नाही. आता खोलीत गूळ-शेंगदाण्याचा डबा आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला नाही ना, हे आधी विचारायचं. निम्म्या पोटदुख्या त्या डब्याने जातात.

किल्ली

कपाट दोन भागांत करा. गोळ्यांचं कपाट कुलपात. त्याला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक ऑफिसात खिळ्याला, आणि त्या खिळ्याची जागा क्लार्कपासून मावशींपर्यंत सर्वांना ठाऊक. तातडीची पेटी मात्र कुलपाबाहेर, दारामागच्या फळीवर: गॉज, क्रेप बँडेज, हातमोजे, ओआरएस, ग्लुकोज आणि स्पेसर, म्हणजे दम्याच्या पंपाला लावायची नळी. दम्याचा पंप मुलाच्या दप्तरातच राहील, मधुमेहाच्या मुलाची साखर आणि खाऊ त्याच्या खिशातच राहील, आणि परीक्षेच्या वर्गातही यातलं काही काढून घेतलं जाणार नाही, हे नियमात लिहून प्रत्येक वर्गशिक्षकाची सही घ्या. आमच्या हातोडीच्या प्रसंगानंतर सही घ्यायला कुणी कां-कू केलं नाही.

मी नसते तेव्हा काय? २०२० साली आयुष्मान भारतअंतर्गत शाळा आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत, शक्यतो एक पुरुष, एक स्त्री. बऱ्याच ठिकाणी ही नावं कागदावरच असतात. आम्ही त्याच दोघांना खोलीचे राखीव माणूस केलं आणि त्यांच्या तासिका एकाच वेळी येणार नाहीत असं वेळापत्रक मागून घेतलं. वेळापत्रक बदलायला लावणं हे सगळ्यांत कठीण काम होतं, सांगून ठेवते. औषधांपेक्षा त्यावर जास्त भांडण झालं.

जूनमधला कागद

प्रवेशाच्या वेळी पालकांकडून संमतिपत्र घेतात, त्यावर ‘आम्हास सर्व मान्य आहे’ असा मजकूर असतो. त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते नेमकं विचारा. तक्त्यातली कुठली औषधं चालतील, कशाची ॲलर्जी, फिट किंवा दमा किंवा हृदयाचा आजार आहे का, रोजची औषधं कुठली, आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर गावातच असणाऱ्या माणसाचा हवा. आमच्याकडे निम्म्या मुलांचे बाप मुंबईला किंवा सुरतेला. पहिला नंबर लागला तरी तो माणूस सात तासांवर. कागद वाचता न येणाऱ्या आजीला तो वाचून दाखवा आणि अंगठा घ्या. शेवटी स्पष्ट लिहा: जिवाला धोका असेल तर संमतीसाठी थांबणार नाही, आधी दवाखाना, मग फोन.

घरी सोडण्याचा नियमही याच कागदावर. ताप असलेल्या मुलाला एकटं किंवा दुसऱ्या मुलाबरोबर घरी पाठवायचं नाही. मी ज्या शाळेत पूर्वी तपासणीला जायचे, तिथे एकदा सहावीतल्या तापलेल्या पोराला मॉनिटरबरोबर एसटीत बसवून दिलं. मॉनिटर त्याला फाट्यावर उतरवून त्याच गाडीने पुढे आपल्या घरी गेला. ते पोर दुपारभर फाट्यावरच्या आंब्याखाली झोपून होतं. दूधवाल्याने घरी नेलं. नशीब.

गाडी कुठून, किती वेळात

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, बरोबर डॉक्टर असतो. पण फोनवर ‘शाळेत या’ म्हटलं तर गाडी भलत्याच शाळेत जाईल. फोनशेजारी एक पुठ्ठा टांगा: गाव, तालुका, कुठल्या फाट्यावरून वळायचं, कुठली खूण. एक माणूस फाट्यावर पाठवायचा, एक गेटपाशी. गाडी घाटात अडकली तर म्हणून गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर त्याच पुठ्ठ्यावर, आणि त्यांचं भाडं संस्था देईल हे आधीच ठरलेलं. एरवी भाड्याच्या विचाराने हात फोनकडे जात नाही.

पावसाळा लागायच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन सापाच्या प्रतिविषाच्या बाटल्या शिल्लक आहेत का ते विचारून या. आमच्याकडे फुरसं जास्त. ते चावल्यावर मूल आधी बरं दिसतं, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. नियम असा: मुलाला चालवायचं नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, फळ्यावरची लाकडी मोजपट्टी लावून क्रेप बँडेजने पाय स्थिर करायचा. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडे ‘जाता जाता’ थांबायचं नाही. या ‘जाता जाता’वर मी बैठकीत चांगला पाऊण तास बोलले होते. कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूची बाकं दूर करायची, वेळ बघायची. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. कांदा आणि चप्पल हुंगवणाऱ्यांना बाहेर काढायचं, तोंडात चमचा घालणाऱ्यांना तर आधी. कबड्डीत डोकं आपटलेलं मूल हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी घरी फोन, आणि रात्री उलटी, गुंगी यांवर लक्ष ठेवा असं लेखी.

हे सगळं वाचून येत नाही. वर्षातून दोनदा आम्ही रंगीत तालीम घेतो. पहिल्या खेपेला मामा आणि पी.टी.च्या सरांनी एका मुलाला बाकावर घालून उचललं आणि दारातून बाक बाहेर निघेना. तेव्हा कळलं की स्ट्रेचर दाराच्या मापाचं हवं.

दार, पडदा आणि ‘कुणाला सांगू नका’

खोलीत मूल आणि मोठं माणूस दार लावून एकटे बसणार नाहीत. दार उघडं, खाटेपुढे पडदा. मुलीला तपासताना दुसरी बाई हजर. पाळीच्या पॅडसाठी कुठल्याही सरांची परवानगी लागणार नाही आणि वहीत त्याचं नाव लिहिलं जाणार नाही. डबा पडद्याआड, हात घालून घ्यायचं.

वह्या दोन ठेवा. एक रोजची, ती टेबलावर. दुसरी माझ्या कुलपात, तिच्यात मुलांनी विश्वासाने सांगितलेलं, आणि कुणाला मिरगी, कुणाला काय, ते. स्टाफरूममध्ये या वहीतला शब्द उच्चारला तर तो शिस्तभंग, असं आम्ही लिहून ठेवलं आहे, कारण एका मुलीच्या फिटची गोष्ट चहाबरोबर फिरली होती आणि ती आठवडाभर शाळेत आली नाही.

पण गुप्ततेलाही हद्द आहे आणि ती मुलाला आधीच सांगायची. कुणी अंगाला वाईट हात लावला असं मूल सांगू लागलं तर ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांकडे कळवावीच लागते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. मी म्हणते, ‘बाळा, तुला मदत करायला मला एक-दोघांना सांगावं लागेल, पण शाळाभर नाही.’ मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, त्याचे शब्द तसेच उतरवायचे. आधी संस्थेत ‘चौकशी’ करू, मग बघू, हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे कायद्याची प्रत पुढे ठेवा. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पुठ्ठ्यावर असू द्या.

निळी गोळी आणि १० फेब्रुवारी

सरकारी कार्यक्रम शाळेच्या दारात येतात, तेव्हाही नियम लागतो. लोहाची निळी गोळी, साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, आठवड्यातून एकदा. ती सकाळी प्रार्थनेनंतर रिकाम्या पोटी वाटली की मळमळ ठरलेलीच. आम्ही ती मोठ्या सुट्टीनंतर देतो, समोर गिळायला लावतो, आणि शौचाला काळं होईल हे मुलांना आदल्या आठवड्यात सांगतो. नाहीतर घरी आया घाबरतात.

१० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल चारशे मिलिग्रॅम, चावून. एका वर्षी आमच्याकडे एक मुलगी वर्गात ओकली आणि पाठोपाठ तेरा जणींना मळमळायला लागलं. व्हॉट्सॲपवर ‘शाळेत विषबाधा’. दोन तासांत गेटवर शंभर माणूस. तेराही जणी संध्याकाळी टुणटुणीत. तेव्हापासून: आदल्या दिवशी पालकांना निरोप, त्या दिवशी आजारी असलेल्याला गोळी नाही, मळमळलेल्याला लगेच वर्गाबाहेर दुसऱ्या खोलीत, आणि वाटप चालू असताना शिक्षकांनी मोबाइलवर फोटो काढायचा नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा येते, दोन डॉक्टर, औषधनिर्माता, नर्स. ती चिठ्ठ्या देऊन जाते. कुणाला चष्मा, कुणाला दात, कुणाच्या हृदयात आवाज. चिठ्ठी दप्तरात लगदा होते. नियम: प्रत्येक चिठ्ठीची नोंद आपल्या वहीत, आणि मूल जिल्ह्याला जाऊन आलं की नाही हे महिन्याने विचारायचं. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी वेगळी. बऱ्याचदा तीच खरी आजारी असतात.

रोजची वही, कचरा, वगैरे

वहीचे रकाने: तारीख, आला किती वाजता, वर्ग, तक्रार, वजन, काय केलं, घरी कुणाला सांगितलं, गेला किती वाजता, सही. ‘गेला किती वाजता’ हा रकाना वगळू नका. मूल खोलीतून निघालं आणि वर्गात पोचलंच नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

रक्ताळलेला कापूस शाळेच्या मागे जाळायचा नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत शाळेतल्या प्रथमोपचाराच्या खोल्याही धरलेल्या आहेत. पिवळी पिशवी, आणि ती आरोग्य केंद्रात नेऊन द्यायची तोंडी नव्हे तर लेखी व्यवस्था. औषधांची मुदत महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा, कारण पत्र्याखालच्या खोलीत ऑक्टोबरच्या उन्हाने मलम पातळ होतं.

नियमांचा कागद संस्थेच्या आणि शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत वाचून मंजूर करून घ्या, सह्या घ्या, पण लॅमिनेट करू नका. आमचा दोन पानी आहे आणि चौथा नियम, घरी सोडण्याचा, दोनदा खोडून लिहिलाय. पहिल्यांदा ‘पालकांच्या ताब्यात’ लिहिलं, तर मुंबईतले पालक येणार कसे? मग ‘नातेवाइकाच्या’ लिहिलं, तर एका मुलीला न्यायला कोण मामा आला ते तिलाच माहीत नव्हतं. आता ‘प्रवेशाच्या कागदावर ज्याचे नाव व फोटो आहे त्याच्या’ असं आहे. परवा आठवीतल्या एकाची पंच्याहत्तरीची आजी दोन किलोमीटर चालत न्यायला आली, फोटो तिचाच होता, पण तिला धरून नेणारं कुणी नव्हतं. मामांनी दोघांना मोटरसायकलवर सोडलं. चौथ्यांदा काय लिहायचं ते येत्या शनिवारच्या बैठकीत आहे.